अवघड जागेचं दुखणं आणि दुभाषी नणंद

वहिनी,

तुला दिलेला शब्द मी परवा शुक्रवारी मोडणार आहे. निदान आधी सांगून मोडावा, म्हणून आज लिहायला बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अहो वन्सं, आधी नीट भांडा तरी." नणंदेला 'वन्सं' म्हणणारी अख्ख्या बॉबलिंगेनमध्ये तू एकटी होतीस, आणि तेही मला चिडवायला, एरवी साधं अनू. तर घे, भांडायलाच बसले आहे. फक्त तुला उलट बोलता येत नाही, आणि असल्या एकतर्फी भांडणाची मला अजिबात सवय नाही.

तुला जाऊन पाच आठवडे झाले. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली, असं हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये डॉक्टरने आम्हाला उभ्याउभ्या सांगितलं. मी ऐकलं आणि दादाकडे वळून ते सगळं मराठीत सांगायला लागले. दोन वाक्यं झाल्यावर दादा म्हणाला, "अनू, मला कळतं जर्मन." मला माहीत होतं गं त्याला कळतं. पण डॉक्टर बोलले की वळायचं आणि मराठीत सांगायचं, ही इतक्या वर्षांची सवय. तुझ्यासाठीच चाललं होतं ते.

काल दादा तुझ्या अस्थी घेऊन पुण्याला गेला. इथे कलश घरच्यांच्या हातात देत नाहीत, त्यासाठी किती कागद करावे लागले ते सांगत नाही, तुझं डोकं उठेल. ईराची शाळा बुडायला नको म्हणून ती इथे आणि तिच्यासोबत मी, तुमच्या घरात. तुझ्या स्वयंपाकघरात मला हळद सापडत नाही. तुझी पंधरा वर्षांची लेक माझ्याकडे बघते आणि डबा काढून देते.

शुक्रवारी दहा वाजता तिचा टेर्मीन आहे, सिंडेलफिंगेनच्या मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टकडे. हो, तिचंही डोकं. डोळ्यांपुढे नागमोडी रेघा, मग अर्धं डोकं, मग उलटी. हे सहा महिन्यांपासून चाललंय, टेर्मीन तूच घेतला होतास. नाक दादाचं घेतलं पोरीने आणि डोकं तुझं. पण वहिनी, तू गेल्यापासून ती रोज "डोकं" म्हणते. रोज. खोलीत जाते, दार लावते. मायग्रेनने डोकं सहसा रोजच्या रोज दुखत नाही, हे तूच मला शिकवलंस. मी त्या दारापाशी उभी राहते आणि मला कळत नाही, आत नेमकं कुठलं दुखणं आहे.

काल विमानतळावरून दादाचा फोन. "हे बघ अनू, डॉक्टरला सांग, आईला मायग्रेन होतं. बस. बाकीचं काढू नकोस. तिला शिक्षिका व्हायचंय. सरकारी नोकरीत घेताना इथे तब्येतीची चौकशी करतात. हात दाखवून अवलक्षण कशाला?" दादावर मी चिडले नाही. त्याचा आवाज असा होता की चिडताच येईना. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंच आपल्याकडे सगळे जगतात. तोही तसाच जगला आणि मीही. फक्त त्या मुठीत तू होतीस.

*

तुला आठवतं का, तू इथे आलीस त्या पहिल्या हिवाळ्यात मी ड्रेस्डेनला होते. पीएचडीचं शेवटचं वर्ष, प्रयोग सगळे फसलेले. आईला फोनवर मी "सर्दी झालीये" सांगत होते, दादाला "काम आहे". तुला काय वाटलं कोण जाणे. तुला जर्मनमध्ये धड तिकीट मागता येत नव्हतं, आणि तू आठ वर्षांच्या ईराला दादाकडे ठेवून, सहा-सात तासांचा प्रवास करून, मध्ये गाड्या बदलून, पुरणाचे मांडे आणल्यासारखा मेथीच्या ठेपल्यांचा डबा घेऊन माझ्या दारात. आत आलीस, कोट काढलास, माझ्याकडे नीट बघितलंस आणि विचारलंस, "किती दिवस रडतेयस?"

कशी आहेस नाही, काय झालं नाही. किती दिवस. मी म्हटलं, "दोन महिने." मग तू माझ्या मानेवर हात ठेवलास. पुण्यातली फिजिओथेरपिस्ट तू, इथे तुझी डिग्री मान्य व्हायला अजून तीन वर्षं जायची होती. तुझे अंगठे मानेच्या दोन बाजूंना आणि मी ओक्साबोक्शी. माझी पीएचडी माझ्या गाइडमुळे झाली असं प्रबंधात छापलंय. ते खोटं आहे. ती त्या चार दिवसांमुळे झाली आणि हे मी तुला एकदाही सांगितलं नाही. वाटायचं, हिला माहीत आहेच की.

आता वाटतं, मला इतक्या झटकन ओळखलंस ते कशाच्या जोरावर, हे मी विचारायला हवं होतं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात. मी ठेपले खाल्ले.

*

पुढच्या वर्षी मी नोकरीला बॉबलिंगेनला आले. दादा सकाळी त्सुफेनहाउझेनला कामाला जायचा तो रात्रीच उगवायचा, म्हणून तुझ्या डॉक्टरांकडे जायचं काम माझ्याकडे आलं. मला मिरवायला आवडायचं तेव्हा माझं जर्मन.

न्यूरॉलॉजिस्टच्या दवाखान्यात रिसेप्शनवरच्या बाईने पाटीला लावलेला फॉर्म दिला. मी वाचत होते, तुला विचारत होते आणि खुणा करत होते. रक्तदाब? नाही. मधुमेह? नाही. ॲलर्जी? धूळ. मग एक ओळ आली: आधीचे काही मानसिक आजार? तू विचारलंस, "हे काय म्हणतायत?" आणि मी, तुझी हुशार वन्सं, मान वर न करता म्हणाले, "वेडबिड आहे का विचारतायत. नाही टाकते."

तू हसलीस. "टाक नाही."

मी नाही टाकलं. पुढची ओळ, चष्मा आहे का.

वहिनी, त्या एका शब्दाचं भाषांतर मी रोज करत्येय गेले पाच आठवडे. तिथे 'वेड' कुठेच नव्हतं. साधं विचारलं होतं, मन आजारी पडलं होतं का कधी. मी तसं विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस? ईरा झाल्यावर पुण्यात आठ महिने तू गोळ्या घेत होतीस, आणि घरी सगळ्यांना त्या थायरॉइडच्या म्हणून सांगितल्या होत्या, माझ्या आईलाही. पण ज्या प्रश्नाला मी 'वेडबिड' म्हटलं, त्याला कोण शहाणी बाई हो म्हणेल?

मग सुरू झालं ते तीन वर्षांचं. आपल्या घरात 'डोकं उठलंय' हा एक परवाना होता, नाही? मराठी मंडळाच्या गणपतीला यायचं नाही, डोकं उठलंय. कुणाकडे जेवायला जायचं नाही, डोकं उठलंय. कधी ते खरंच उठलेलं असायचं. अंधारात, ओला रुमाल बांधून, पाण्याचा घोटसुद्धा न टिकणाऱ्या तुला मी पाहिलंय. आणि कधी डोकं शाबूत असायचं आणि बाकी सगळं बसलेलं. पण त्याला शब्द नव्हता. 'मला आज जगात कशाचीच इच्छा नाही' असं म्हटलं असतंस तर आम्ही काय केलं असतं? "बाहेर पड, फिरून ये, छंद लाव." डोकं म्हटलं की मात्र सगळे पावलं न वाजवता चालायचे. कुणी सुंठेचा लेप सांगायचं, कुणी तूप नाकात घालायला.

डॉक्टरने तुला कॅलेंडर दिलं होतं, डोकं दुखेल त्या दिवशी फुली मारायला. तू शहाण्या विद्यार्थिनीसारखी फुल्या मारल्यास. दुखलं तरी फुली, आणि उठवलं नाही, जेवण गेलं नाही, उगाच रडू आलं तरी फुली. कॅलेंडरमध्ये दुसरा रकाना नव्हता ना! महिन्याचे वीस-वीस दिवस फुल्यांनी काळे. डॉक्टर कपाळाला आठ्या घालायचे, औषध वाढवायचे, मी घरी येऊन दादाला मोठ्या अभ्यासाने सांगायची, "मायग्रेन क्रॉनिक झालंय." आणि ज्या दिवशी डोकं दुखत नव्हतं त्या दिवशीही तू दुखण्याची गोळी घ्यायचीस, कारण तेवढाच एक उपाय हाताशी होता. शेवटी त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं तूच नंतर म्हणालीस.

*

ते उघडकीला आलं टागेसक्लिनिकमध्ये. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी यायचं, चार आठवडे. तिथे डोक्याचे डॉक्टर आणि मनाचे डॉक्टर एकाच टेबलाशी बसायचे. तिथल्या मानसतज्ज्ञ बाईंनी तुझं कॅलेंडर समोर ठेवून एका फुलीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "या दिवशी कुठली बाजू दुखत होती?" तुला सांगता येईना. मग दुसरी फुली. मग तिसरी. तोवर तुझं जर्मन चांगलं झालं होतं, मी सोबत नव्हते. देवाचीच कृपा, मी सोबत नव्हते.

मला बोलावलं ते शेवटच्या आठवड्यात, घरच्यांसाठी ठेवलेल्या बैठकीला. दादाला मीटिंग होती. पिकल्या केसांच्या त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तर, मायग्रेन असलेल्यांना नैराश्य आणि चिंतेचे आजार इतरांपेक्षा जास्त होतात. आणि नैराश्य असलेल्यांना मायग्रेन जास्त होतं. दोन्हीकडून." तू तिथेच भडकलीस. मराठीतून, माझ्यावर. "म्हणजे माझं डोकं खोटं दुखत होतं? सगळं मनाचे खेळ? सांग तिला, मी नाटकं करत नाही!" मी सांगितलं. बाई म्हणाल्या, नाही, दोन्ही दुखणी खरी आहेत. मेंदूत काही वाटा दोन्हींना सामाईक आहेत, एक बिघडलं की दुसऱ्याला ओढतं. एकावर उपचार करून दुसऱ्याला तसंच ठेवलं तर पहिलं बरं होत नाही.

बसमध्ये तू म्हणालीस, "एका स्वयंपाकघरातल्या दोन जावा आहेत म्हण की. एक रुसली की दुसरी भांडी आपटणार. आणि आपण इतकी वर्षं एकीलाच समजावत बसलो." मी हसले. तूही हसलीस आणि हसता हसता रडायला लागलीस, समोरच्या आजोबांनी तुला टिश्यू दिला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आपण तळ्याला फेरी मारली. तिथे तू मला पुण्यातले आठ महिने सांगितलेस. मी म्हटलं, "मग त्या फॉर्मवर का नाही सांगितलंस?" किती सहज म्हटलं गं मी! तू थांबलीस. "तू वेडबिड म्हणालीस, अनू. मग मी काय सांगू? अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात ना, तसं माझं झालं. अवघड जागेचं दुखणं आणि नणंद दुभाषी."

आणि मी काय म्हणाले? मला शरम वाटली म्हणून मी आवाज चढवला. म्हणाले, "माझ्यावर ढकलू नकोस. तुला तोंड होतं. इतकं मोठं काही लपवायचं आणि मग दुसऱ्याला दोष द्यायचा!" पुढे बाकावर बसलो तेव्हा तू दुसराच विषय काढलास. "ईराला सांगायचं नाही, अठराची होईपर्यंत. आईचं डोकं दुखतंय म्हटलं की पोर शाळेत जाते. आईचं मन दुखतंय म्हटलं तर जाईल का? आणि मग आयुष्यभर स्वतःतच ते शोधत बसेल. शब्द दे." मी दिला. भांडण मिटवायला दिला. ते भांडण मिटलंच नाही, नुसतं थांबलं.

मला माफ कर, वहिनी. हे एवढं तीन शब्दांचं वाक्य होतं. त्यानंतरची तीन वर्षं आपण रोज बोललो, मी तुझ्या हातची थालीपीठं खाल्ली, तुला सिंडेलफिंगेनच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा तुझ्याआधी मी नाचले. चांगली वर्षं होती ती. महिन्यात चार-पाच दिवस डोकं, मनाची गोळी नेमाने, आणि तू जर्मन म्हाताऱ्यांच्या माना चोळत त्यांना मराठीत "सोडा, सैल सोडा" म्हणणारी. तुझ्या चांगल्या दिवसांत ते जुनं कशाला उकरायचं, असं मी स्वतःला सांगायची. खरं म्हणजे मला भीती वाटायची की तू म्हणशील, "हो, तुझ्यामुळेच."

तू गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी एकीने आवाज खाली आणून मला विचारलं, "म्हणजे... नक्की कशाने गं?" क्लिनिकचं कुठून तरी कळलं असणार. त्या 'नक्की'मध्ये काय होतं ते मला बरोबर ऐकू आलं. टाळकंच फिरलं माझं. "गुठळीने. पायातल्या. आकृती काढून देऊ का?" बाई चहा न पिता उठल्या. दादा म्हणाला, बघ, म्हणून म्हणतो काही सांगायचं नाही. मला उलटंच वाटलं. आपण सांगितलं नाही, म्हणूनच लोकांनी मनाने भरलं. ईराही ते मनाने भरतच असेल.

म्हणून मी तिला सांगणार. तुझा शब्द मोडून. चुकत असेन तर चुकू दे. एकदा तुझ्याबाबतीत 'नाही' लिहून झालं माझं.

*

शुक्रवार, संध्याकाळ.

सांगितलं. बसस्टॉपवर, बस यायला अकरा मिनिटं होती तेव्हा. घरात धीर झाला नाही. म्हटलं, "ईरा, आईला मायग्रेन होतं. आणि डिप्रेशनही होतं. दोन्ही. खूप वर्षं. उपचार घेतले आणि ती बरी राहिली. ती गेली ते पायातल्या गुठळीने, त्याचा याच्याशी काहीएक संबंध नाही. तुझ्यामुळे काही झालं नाही. आणि तुला ते होईलच असं नाही, पण झालं तर लपवायचं नाही." घोकून ठेवलं होतं, तरी मध्ये दोनदा अडखळले. ती समोरच्या पाटीकडे बघत होती. "या," म्हणजे जर्मनमध्ये हो, एवढंच म्हणाली. बस आली.

डॉक्टरने विचारलं, घरात कुणाला काही आजार? मी तोंड उघडायच्या आत ईरा जर्मनमध्ये म्हणाली, "आईला मायग्रेन आणि डिप्रेशन." दोन्ही नावं एका दमात, जसं कुणी आईचं नाव आणि आडनाव सांगतं. डॉक्टरने मान डोलावली, लिहून घेतलं. आभाळ कोसळलं नाही. मग डॉक्टर म्हणाली, "आणि तुझं स्वतःचं? रोज डोकंच दुखतं?" ईराने माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, आत्या जरा बाहेर थांबेल का. मी बाहेर थांबले. अर्धा तास. ती बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते आणि हातात दोन चिठ्ठ्या होत्या, एक औषधाची, एक बोलण्याच्या थेरपीसाठी.

घरी येताना आम्ही चालत आलो. ती बराच वेळ पुढे चालत होती. मग थांबली आणि विचारलं, जर्मनमध्येच, कुठले दिवस डोक्याचे होते आणि कुठले दिवस ते दुसरे. मी म्हटलं, मला नाही सांगता येणार, बाळा. ती म्हणाली, चौथीत तिने ट्रम्पेट सोडला, तो आवडत नव्हता म्हणून नाही, आईचं डोकं त्यानेच दुखतं असं तिला वाटलं म्हणून. मैत्रिणींना घरी आणायचं सोडलं तेही त्यासाठीच. आम्ही तेव्हा म्हणत होतो, किती समजूतदार पोर आहे.

आणि मग ती मराठीत बोलली. गेली कित्येक वर्षं ती मला मराठीत उत्तर देत नाही, तुला माहीत आहे. शब्द शोधत, एकेक उचलून ठेवत बोलली.

"आत्या, आई डोकं म्हणायची, म्हणून मी बाहेर थांबायची. ती रडते हे मला माहीत असतं, तर मी आत गेले असते."